जयाच्या वेळची उपकारस्तुती

शास्त्रपाठ : निर्गम १४:१०-१५, लूक १७:११-१९, लूक १८:९-१४, हबक्कूक ३:१७-१९.

पाठाचा मुख्य विचार : जय मिळाल्यावर देवाचे उपकार मानणे योग्यच आहे, परंतु ती उपकारस्तुती अंतःकरणातील आहे की केवळ तोंडची, ह्याची पारख जय नसतो त्या दिवशी होते.



जय मिळाला म्हणजे मनुष्याचे तोंड आपोआप उघडते. जत्रेतील फडात जोडीदारास चितपट करून उठलेल्या पैलवानाकडे पाहा. कोणी दंड थोपटून मैदानास फेरी घालतो, कोणी धावत जाऊन वस्तादाच्या पाया पडतो, तर कोणी पडलेल्या गड्याकडे बोट दाखवून त्यास हिणवतो. विचार करून बोलण्यास त्या क्षणी सवड नसते. म्हणून मनात जे पूर्वीपासून साठलेले असते तेच ओठांवर येते. पराजयात मनुष्य कसा वागतो ह्यावरून त्याची परीक्षा होते असे आपण म्हणतो, आणि ते खरे आहे. पण जयातही ती तितकीच होते.

ह्या पाठात आम्ही दोन खेळाडूंच्या गोष्टी मंडळीपुढे ठेवीत आहो. एक आपल्याच मुंबईची कन्या, आणि दुसरा शंभर वर्षांपूर्वीचा एक स्कॉच धावपटू. दोघांनीही जय मिळविला, आणि दोघांनीही त्याचे श्रेय देवास दिले. त्यांच्या उदाहरणांवरून खरी उपकारस्तुती कशास म्हणावे, आणि आपल्या शेतात, घरात व मंडळीत ती कशी करावी, हे शिकावयाचे आहे.

१. नवी मुंबई येथील सामना

३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील मैदानावर स्त्रियांच्या क्रिकेट विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. भारताच्या संघापुढे ऑस्ट्रेलियाचा संघ होता. त्या संघाने तोपर्यंत सात वेळा हा चषक जिंकला होता. प्रथम खेळून ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. स्त्रियांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांत इतक्या धावांचा पाठलाग करून तोपर्यंत कोणताही संघ जिंकला नव्हता.

भारताचा पहिला गडी दुसऱ्याच षटकात बाद झाला, आणि जेमिमा रॉड्रिग्ज खेळावयास आली. तिसऱ्या क्रमांकावर आपणास जावयाचे आहे हे तिला मैदानात उतरण्याच्या थोडेच आधी कळले होते. ती आली ती शेवटपर्यंत राहिली. कर्णधार हरमनप्रीत कौर हिने ८९ धावा केल्या, आणि दोघींनी मिळून १६७ धावांची भर घातली. पुढे कर्णधार बाद झाली, इतर गडीही बाद झाले, परंतु जेमिमा टिकून राहिली. १३४ चेंडूंत १२७ धावा करून ती नाबाद राहिली, आणि नऊ चेंडू शिल्लक असता भारताने पाच गडी राखून सामना जिंकला. आपले अर्धशतक व शतक पुरे झाले तेव्हा तिने फारसा आनंदही प्रकट केला नाही. कारण आपल्या शतकापेक्षा संघाचा जय तिला अधिक महत्त्वाचा वाटत होता, असे तिने मागाहून सांगितले.

सामना संपताच ती रडू लागली. तिला बोलावयास सांगितले, तेव्हा हजारो लोकांच्या देखत तिने सर्वांआधी येशूचे आभार मानिले. कारण हे काम आपल्या एकटीच्या बळाने झाले नसते, असे ती म्हणाली. मग आईबाप, शिक्षक व आपणावर भरवसा ठेवणारी सर्व माणसे ह्यांचे तिने आभार मानिले. शेवटी शेवटी अंगातील बळ सरले तेव्हा आपण शास्त्रातील एक वचन मनाशी म्हणत होतो, आपण स्वस्थ उभे राहावे आणि देव आपल्यासाठी लढेल अशा अर्थाचे ते वचन होते, हेही तिने सांगितले.

ही गोष्ट देशभर पसरली. मंडळ्यांतून तिचा पुष्कळ आनंद झाला, आणि तो व्हावा हे स्वाभाविक आहे. तथापि केवळ आनंद करून थांबलो तर आपण ह्या गोष्टीतील मोठा भाग गमावू. ही साक्ष कोणत्या मातीतून उगवली ते पाहिले पाहिजे.

२. जयापूर्वीचे दिवस

ही भगिनी सर्वदा जिंकतच आली असे समजू नका. २०२२ साली विश्वचषकासाठी निवडलेल्या भारतीय संघात तिला घेतलेच नव्हते. २०२५ च्या स्पर्धेत घेतले, परंतु आरंभ वाईट झाला. श्रीलंकेविरुद्ध तिची धाव शून्य. दक्षिण आफ्रिकेविरुद्धही शून्य. पुढे इंदूर येथे इंग्लंडशी सामना झाला त्या वेळी तिला बाहेर बसविण्यात आले. ह्या दिवसांत आपल्या मनास फार घोर लागला होता, आपण आईस फोन करून रडत असू, आणि संघातील मैत्रिणींपुढेही रडत असू, हे तिने स्वतःच सर्वांस सांगितले. अरुंधती रेड्डी व स्मृती मानधना ह्या मैत्रिणी आपल्याजवळ राहिल्या, ह्याचाही तिने कृतज्ञतेने उल्लेख केला.

आता ज्या वचनाचा तिने आधार घेतला ते कोणत्या प्रसंगी बोलले गेले ते निर्गमाच्या चौदाव्या अध्यायात वाचा. इस्राएल लोक मिसर देशातून निघाले होते. पुढे समुद्र, मागे फारोचे रथ व घोडेस्वार. लोक भयभीत झाले, आणि आम्हांस मरण्यासाठीच येथे आणिले काय, असे म्हणून मोशेवर कुरकुर करू लागले. अशा लोकांस मोशे सांगतो की, भिऊ नका, देव तुमच्यासाठी लढणार आहे, तुम्ही शांत असा. लक्षात घ्या, हे वचन समुद्र दुभंगण्याच्या आधीचे आहे. विजयाचे गीत पुढल्या अध्यायात आहे. हे वचन भीतीच्या अध्यायात आहे. जिंकलेल्या लोकांनी मिरवावे म्हणून ते दिलेले नाही. ज्यांचे गुडघे कापत होते त्यांना धीर यावा म्हणून ते दिले आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. शांत असा, असे चौदाव्या वचनात सांगितले, आणि लगेच पंधराव्यात देव मोशेस म्हणतो की, लोकांस पुढे चालावयास सांग. तेव्हा शांत असणे म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे. भीतीने गोंधळून न जाता आपल्या वाट्याचे पाऊल टाकणे, हाच त्याचा अर्थ. जेमिमा मनात ते वचन म्हणत होती, आणि पायांनी धावाही काढीत होती. ज्या शेतकऱ्याने नांगरणी केली नाही, पेरणी केली नाही, आणि देव पीक देईल म्हणून ओसरीवर बसून राहिला, त्याने ह्या वचनाचा आधार घेऊ नये.

३. खऱ्या उपकारस्तुतीची लक्षणे

पहिले लक्षण : ती आपले दुबळेपण कबूल करते. त्या सामन्यात जेमिमाच्या ८२ धावा झाल्या असता तिचा एक झेल सुटला, आणि १०६ धावा झाल्या असता आणखी एक सुटला. ह्यांपैकी एकही झेल पकडला गेला असता तर सामन्याचा शेवट कदाचित निराळा झाला असता. आपणास संधी मिळाल्या हे तिने लपविले नाही. अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांस बजावतो की, घरे बांधाल, गुरे वाढतील, सोनेरुपे साठेल, त्या वेळी हे सर्व आम्ही आमच्या हाताच्या जोरावर मिळविले असे मनात आणू नका. कारण मिळविण्याचे बळदेखील देवानेच दिलेले आहे. पीक चांगले आले म्हणजे माझी मेहनत, आणि बुडाले म्हणजे देवाची मर्जी, असे बोलण्याची आपणांस सवय आहे. खरी उपकारस्तुती हा हिशेब उलटा करिते.

दुसरे लक्षण : ती माणसांचे उपकार विसरत नाही. देवाचे आभार मानिले म्हणजे माणसांचे मानण्याची गरज नाही असे कित्येकांस वाटते. परंतु देव आपली पुष्कळशी दाने माणसांच्या हातांनीच पाठवितो. ज्या आईने फोनवर रडणे ऐकून घेतले, जी मैत्रीण काही न बोलता जवळ बसली, ती देवाचीच देणगी होय. समोरच्या टोकास असता दीप्ती शर्मा आपणास चेंडूगणिक धीर देत होती, असेही जेमिमाने सांगितले. ह्या मैत्रिणींपैकी कित्येक आपल्या धर्माच्या नव्हेत. तरी त्यांच्या हातून आलेले साहाय्य देवाकडून आले असे मानण्यात तिला अडचण वाटली नाही, आणि आपणांसही वाटू नये. ज्या शेजाऱ्याने आपल्या खळ्यावर मळणीसाठी हात लाविला, त्याचे नाव मंडळीच्या प्रार्थनेत घ्यावयास काय हरकत आहे?

तिसरे लक्षण : ती दुसऱ्यास खाली पाडून उभी राहत नाही. लूकाच्या अठराव्या अध्यायातील परूशी मंदिरात गेला आणि त्यानेही देवाचे आभारच मानिले. परंतु आपण इतर लोकांसारखे नाही, त्या जकातदारासारखे तर नाहीच नाही, ह्याबद्दल ते आभार होते. शब्द उपकारस्तुतीचे, आणि आत्मा फुशारकीचा. अशी स्तुती देवाने स्वीकारली नाही, असे प्रभूने सांगितले. माझ्या देवाने तुमच्या देवास हरविले, असे जेमिमा बोलली नाही. तिच्या साक्षीत ऑस्ट्रेलियाच्या मुलींविषयी कमीपणाचा एक शब्दही नव्हता. देव आपला सूर्य दोन्ही संघांवर उगववितो. हरलेल्या संघातील एखादीने त्याच दिवशी मनोभावे प्रार्थना केली नसेल कशावरून? देव एका बाजूचा पंच नव्हे, की ज्याने आपल्याकडे झुकते माप टाकावे. त्याने आपणास धीर दिला, आधार दिला, ह्याबद्दल उपकार मानावेत. दुसऱ्याच्या पराजयाबद्दल नव्हे.

चौथे लक्षण : ती सौद्याची फेड नव्हे. ह्याचा विचार आपल्या मंडळ्यांत विशेष व्हावयास पाहिजे. आपल्या वाडवडिलांना नवस बोलण्याची सवय होती. मूल होऊ दे, खटला जिंकू दे, बैल बरा होऊ दे, म्हणजे अमुक वाहीन. आणि इच्छा पुरी झाली म्हणजे नवस फेडावयाचा, नाही तर देव कोपेल. ही चाल आपण सोडली असे म्हणतो; परंतु पुष्कळदा देवाचे नाव बदलते आणि सौदा तोच राहतो. मुलगा परीक्षेत उतरला तर देवळात इतके रुपये देईन, असे आपल्यातही बोलतात. मुलगा उतरला म्हणजे रुपये येतात. नापास झाला म्हणजे रुपयेही येत नाहीत आणि मनुष्यही दोन महिने उपासनेस येत नाही. ही उपकारस्तुती नव्हे, ही बाजारातील देवघेव होय.

लूकाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले. परत येऊन उपकार मानणारा एकच होता, आणि तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारिले. परंतु त्यांचे बरेपण त्याने परत घेतले असे लिहिलेले नाही. दान आधीच दिलेले होते, आणि ते बिनशर्त होते. जो परत आला तो देणे फेडावयास आला नाही. ज्याने दिले त्याच्या पायांजवळ राहावे असे त्यास वाटले म्हणून आला. नवस फेडणारा मनुष्य फेड झाली म्हणजे मोकळा होतो. उपकार मानणारा मोकळा होत नाही, तो अधिक जवळ येतो.

४. येशूचे नाव घेणे

जेमिमाने येशूचे नाव घेतले हे काही लोकांना रुचले नाही, आणि त्यांनी तिजवर टीकाही केली. खेड्यात राहणाऱ्या आपल्या बंधूंना हा अनुभव नवा नाही. चारचौघांत प्रभूचे नाव उच्चारले म्हणजे कोणी हसतो, कोणी तोंड फिरवितो. मग कित्येक जण अगदी मुके होतात, आणि कित्येक रागाने वाद घालू लागतात.

दोन्हींपेक्षा चांगला मार्ग तिच्या उदाहरणात दिसतो. तिला प्रश्न विचारिला होता. तिने उत्तर दिले. कोणावर दोष ठेविला नाही, कोणाच्या धर्माविषयी वाईट बोलली नाही, आपणास काय घडले तेवढेच सांगितले. १ पेत्राच्या तिसऱ्या अध्यायात हाच उपदेश आहे, की आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्यास उत्तर देण्यास सिद्ध असावे, परंतु ते सौम्यतेने व आदराने द्यावे. आभार मानणाऱ्याशी वाद घालणे फार कठीण असते. आपला धर्म श्रेष्ठ आहे असे म्हटले तर शेजारी शंभर प्रत्युत्तरे देईल. परंतु मी खचलो होतो आणि प्रभूने मला उभे केले, असे म्हणणाऱ्यास तो काय उत्तर देणार? फार तर तो तुमचे जीवन पाहील. तेव्हा ते जीवन पाहण्याजोगे असले म्हणजे झाले.

५. ज्याची स्तुती पदकापाशी संपली नाही

आता दुसरी गोष्ट. एरिक लिडेल ह्यांचा जन्म १९०२ साली चीन देशातील तिएन्त्सिन शहरी झाला. त्यांचे आईबाप लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने तेथे सेवा करीत होते. पुढे एडिंबरो येथील विश्वविद्यालयात शिकत असता ते मोठे धावपटू म्हणून नावारूपास आले. १९२३ साली इंग्लंडातील स्टोक येथे एका शर्यतीत आरंभीच धक्का लागून ते पडले. उठून धावू लागले तेव्हा इतर पुष्कळ पुढे गेले होते, तरी त्यांनी सर्वांस गाठून शर्यत जिंकली.

१९२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिकचे सामने होते. १०० मीटर ही लिडेल ह्यांची हातखंडा शर्यत. परंतु तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. प्रभूच्या दिवशी आपण धावणार नाही, असे त्यांनी सामन्यांच्या कित्येक महिने आधीच कळविले. लोकांनी पुष्कळ दोष दिला, देशाभिमान नाही असेही म्हटले. त्यांनी वाद घातला नाही. ४०० मीटरच्या शर्यतीची तयारी केली, आणि ११ जुलै रोजी ती ४७.६ सेकंदांत जिंकून ऑलिंपिकचा नवा उच्चांक केला. त्याच आठवड्यात २०० मीटरच्या शर्यतीत ते तिसरे आले होते. शर्यतीपूर्वी प्रतिस्पर्ध्यांशी प्रेमाने हात मिळविण्याची त्यांची रीत होती.

येथे सुवार्तिक बंधूंसाठी एक सूचना करितो. ह्या गोष्टीवर १९८१ साली ‘चॅरियट्स ऑफ फायर’ नावाचा चित्रपट निघाला. धावताना आपणास देवाचा संतोष जाणवतो, अशा अर्थाचे जे प्रसिद्ध वाक्य लिडेल ह्यांच्या नावावर उपदेशांतून सांगितले जाते, ते त्या चित्रपटाच्या लेखकाने लिहिलेले आहे. तसेच रविवारच्या फेऱ्यांची बातमी त्यांस प्रवासास निघताना कळली, हेही चित्रपटातील आहे. सत्य सांगावयास उभे राहणाऱ्याने खऱ्या गोष्टीच सांगाव्यात. त्या पुरेशा आहेत.

कारण लिडेल ह्यांची खरी उपकारस्तुती पॅरिसमध्ये संपली नाही. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९२५ साली, कीर्ती शिखरावर असता ते चीनला परतले आणि तिएन्त्सिन येथील कॉलेजात मुलांना शिकवू लागले. १९३७ पासून ते शाओचांग नावाच्या खेड्याच्या भागात सेवा करू लागले. तेथे युद्ध चालले होते; खेडोपाडी फिरून ते मंडळ्यांना भेटत असत. १९४१ साली संकट वाढले तेव्हा त्यांनी पत्नीस व दोन मुलींस कॅनडास पाठविले. तिसरी मुलगी तेथे जन्मली. तिचे मुख त्यांनी कधीच पाहिले नाही. १९४३ साली जपानी सैन्याने त्यांस इतर परदेशी लोकांबरोबर वेइशिएन येथील छावणीत बंदिस्त केले.

त्या छावणीत ना पदक होते ना टाळ्या. अन्न थोडे, जागा अपुरी, आईबापांपासून दुरावलेली मुले पुष्कळ. लिडेल त्या मुलांना विद्या शिकवीत, शास्त्र शिकवीत, त्यांचे खेळ घेत. मुले त्यांस एरिक काका म्हणत. रविवारी खेळ भरविण्यास त्यांनी प्रथम नकार दिला. परंतु मुलांनी आपल्याच विचाराने हॉकी खेळून मारामारी केली, तेव्हा पुढे ते स्वतः रविवारी पंच म्हणून मैदानात उभे राहिले. ज्याने स्वतःच्या सुवर्णपदकासाठी रविवार मोडला नाही, त्याने दुसऱ्यांच्या लेकरांसाठी आपला नियम बाजूस ठेविला. स्वतःसाठी कडक आणि दुसऱ्यासाठी कोमल, अशी ती भक्ती होती. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीच्या विकाराने ते त्याच छावणीत प्रभूजवळ गेले, वय ४३. सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, छावणी मुक्त झाली.

बंधूंनो, जय मिळाला तेव्हा देवाचे आभार मानणारा हा मनुष्य सुटकेच्या दिवसापर्यंत जगला नाही. मग देवाने त्यास सोडिले काय? पदक दिले तेव्हा देव जवळ होता आणि छावणीत दूर गेला, असे ज्यास वाटेल, त्याने पदकाचेच आभार मानिले होते, देवाचे नव्हे. लिडेल ह्यांना तसे वाटले नाही, ह्याची साक्ष त्या मुलांनी मोठेपणी दिली.

६. आपल्या मंडळीत

आपल्यापैकी फार थोड्यांस मैदानावर जय मिळेल; परंतु लहानमोठे जय प्रत्येकाच्या दारी येतात. एका बंधूचे द्राक्ष गारपिटीतून वाचले; बांधापलीकडच्या बंधूचे झोडपले गेले. दोघेही रविवारी एकाच चटईवर बसतात. पहिल्याने साक्षीस उभे राहून, देवाने माझे शेत राखले, एवढेच म्हटले, तर दुसऱ्याच्या मनात काय येईल? माझे शेत राखावयास देव का आला नाही, हेच येईल. मग पहिल्याने गप्प बसावे काय? नाही. त्याने उपकार मानावेत, आणि उपकारस्तुतीच्या दानाबरोबरच आपल्या मालातील काही भाग शेजाऱ्याच्या घरी पोचवावा. गारा का पडल्या ह्याचे उत्तर त्याच्याजवळ नाही. परंतु माल का वाचला ह्याचे एक उत्तर तो आपल्या हातांनी देऊ शकतो.

ज्याचे शेत बुडाले त्यालाही शास्त्रात वचन आहे. हबक्कूक संदेष्टा अंजीर फुलले नाही, द्राक्षवेल रिकामी राहिली, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, असा सर्व नुकसानीचा पाढा वाचतो, आणि तरीही आपण देवाच्या ठायी आनंद करू असे म्हणतो. हे बोलणे सोपे नाही, आणि दुःखी मनुष्यावर ते कोणी लादू नये. मंडळीने आधी त्याच्याबरोबर रडावे. हबक्कूकाचे शब्द त्याच्या मुखी पुढे देव घालील.

जेमिमा हे नावही शास्त्रातीलच आहे. ईयोबाला सर्व नुकसानीनंतर ज्या मुली झाल्या त्यांपैकी थोरलीचे नाव, आपल्या शास्त्रात यमीमा, तेच हे. परंतु ईयोबाने देवाच्या नावाचा धन्यवाद केला तो यमीमा जन्मल्यावर नव्हे. पहिल्या अध्यायात, मुलेबाळे व गुरेढोरे गेल्याची बातमी आली त्याच दिवशी केला. शेवटच्या अध्यायातील आशीर्वाद पाहून पहिल्या अध्यायातील स्तुती केलेली नव्हती. उपांत्य सामन्यानंतर तिसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, अंतिम सामना झाला. भारताने दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून स्त्रियांचा विश्वचषक प्रथमच जिंकला. त्या दिवशी जेमिमाने २४ धावा केल्या. १२७ धावा देणारा देव २४ धावांच्या दिवशीही तोच असतो, आणि शून्याच्या दिवशीही तोच.

तेव्हा जय येईल त्या दिवशी मोकळ्या मनाने उपकार माना, येशूचे नाव घ्यावयास लाजू नका, आणि ज्यांनी हात दिला त्यांसही विसरू नका. परंतु ती स्तुती आजपासूनच शिकून ठेवा, साध्या दिवशी, अपुऱ्या भाकरीवर, नापास झालेल्या मुलाला जवळ घेऊन. ज्याने ती तेथे शिकली, त्यास जयाच्या दिवशी शब्द शोधावे लागणार नाहीत.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. मोशेचे वचन समुद्र दुभंगण्यापूर्वी सांगितले गेले, ह्यावरून आपणांस काय शिकावयास मिळते?

२. नवस फेडणे व उपकार मानणे ह्यांत अंतर काय? दहा कुष्ठरोग्यांच्या गोष्टीवरून सांगा.

३. परूशी व जकातदार ह्यांपैकी उपकारस्तुतीचे शब्द कोणी उच्चारले, आणि नीतिमान ठरून घरी कोण गेला?

४. आपल्या मंडळीत ह्या हंगामात कोणास लाभ झाला व कोणाचे नुकसान झाले? लाभ झालेल्यांनी ह्या आठवड्यात काय करावे?

सुवार्तिकांसाठी : पाठ शिकविण्यापूर्वी निर्गमाचा चौदावा व पंधरावा अध्याय एकामागून एक मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे भीती व गीत ह्यांचा क्रम लोकांच्या ध्यानी येईल. साक्षीच्या वेळी प्रथम ज्यांच्यावर संकट आले आहे त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, आणि मग जय मिळालेल्यांस बोलू द्यावे.